टेस्टरला न दिसणारी वायर

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी ओसरलं तेव्हा कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या आमच्या मावशींच्या घरात गुडघाभर गाळ होता. भिंतीवरची पाण्याची रेघ माझ्या छातीच्याही वर. स्विचबोर्डाचे स्क्रू काढले की आधी गढूळ पाणी यायचं, मग गाळ, मग एखादं मेलेलं झुरळ. त्या पंधरवड्यात निम्म्या गावाला एकाच वेळी वायरमन हवा होता आणि एकेका वायरमनला दहा-दहा घरची बोलावणी होती. कितीतरी दुकानंही पाण्यात गेलेली. मिळेल तो माणूस, मिळेल ती वायर, असा सगळा कारभार.

मावशींकडे आलेला वायरमन हाताचा चपळ आणि तोंडाचा गोड होता. दोन दिवसांत त्यानं घरात दिवे लावले. तिसऱ्या दिवशी मी सहज एक बोर्ड उघडला. पंख्याकडे जाणारी फेज, म्हणजे वीज आणणारी जिवंत वायर, लाल हवी ती हिरव्या वायरीतून गेलेली. गिझरच्या सॉकेटची अर्थिंग, म्हणजे धक्क्यापासून वाचवणारी वायर, हिरवी हवी ती काळ्या वायरीतून आलेली. आणि त्याच सॉकेटची न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी वायर, तीही काळीच. दोन काळ्या वायरी शेजारी शेजारी, जुळ्या भावांसारख्या. मी त्याला विचारलं, तर तो हसला.

"रंगात काय असतंय ओ काका? हिरवं बंडल शिल्लक हुतं, लाल संपलं. टेस्टर हाय की खिशात. लाइट लागली न्हवं? मग झालं."

मी तीस वर्षं उद्यमनगरात मशिनची कंट्रोल पॅनेल बनवली. रंग चुकला म्हणून तयार पॅनेल उसवून पुन्हा वायरिंग करायला लावणारा खडूस माणूस, अशीच माझी तिथं ख्याती. तरी त्या दिवशी त्याला लगेच उत्तर देता आलं नाही, कारण त्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. रंगावर विश्वास ठेवून वायरीला हात लावणारा कारागीर फार काळ कारागीर राहत नाही. वायर लाल असो की गुलाबी, आधी टेस्टर लावायचा, हे मीच पोरांना शिकवलं. उरलेल्या अर्ध्याचं उत्तर सापडायला मला पुढं बराच वेळ लागला. ते इथं मांडतोय, कारण आपल्याकडं वायरींच्या रंगांची चर्चा निघालीच तर ती भलत्याच वळणावर जाते. भारतानं जुने लाल-काळे रंग टाकून जगाचे तपकिरी-निळे रंग घ्यावेत की नाही, असा वाद इंजिनिअर लोक घालतात. माझ्या मते ते रंग आत्ता घेऊ नयेत. त्या भांडणात खरा मुद्दा हरवतो, आणि तो मुद्दा एकाच वायरीचा आहे.

त्या वायरमनच्या खिशातला टेस्टर काय करतो ते आधी बघू. आत एक निऑनचा छोटा दिवा आणि मोठा रोध. टोक फेजला लावलं, वरच्या टोपणावर बोट ठेवलं की तुमच्या अंगातून अगदी किंचित करंट जमिनीत जातो आणि दिवा लागतो. न्यूट्रलला लावला तर लागत नाही. अर्थिंगला लावला तरी लागत नाही. म्हणजे तीन वायरींपैकी एकच वायर टेस्टर ओळखतो. उरलेल्या दोघींत कोण कोणती, हे त्याला कळत नाही. न्यूट्रलमधून करंट परत जातो, तर अर्थिंग एरवी कोरडी असते आणि फक्त संकटाच्या वेळी कामाला येते. दोघींची कामं इतकी वेगळी, पण टेस्टरला दोन्ही सारख्याच अंधाऱ्या. भिंतीतून बाहेर आलेल्या त्या दोन टोकांत फरक दाखवणारी खूण एकच: त्यांचा रंग. रंग घालवला की पुढच्या माणसाला एकेक वायर सोडवून मीटर लावत बसावं लागतं, आणि पूर आल्यावर तेवढा वेळ कुणाकडं असतो?

बरं, त्या दोन वायरी उलट्या लागल्या तर काय होतं? वाईट हे, की लगेच काहीच होत नाही. गिझर तापतो, मिक्सर फिरतो, मावशी खूश. फक्त मिक्सर चालू केला की कधी कधी फ्रिजचं दार हाताला चुणचुणतं, कारण मिक्सरचा करंट अर्थिंगच्या खड्ड्यातून परत जाऊ लागतो आणि घरातल्या सगळ्या अर्थ केलेल्या बॉडींवर थोडंफार व्होल्टेज चढतं. आपण म्हणतो, "फ्रिज जुना झाला, करंट मारतोय." बिचारा फ्रिज निर्दोष असतो. आणि एखाद्या वादळात खांबावरची न्यूट्रल तुटली, की घरातल्या चालू बल्बमधून फेज त्या तुटक्या न्यूट्रलवर येते, न्यूट्रल जोडलेली असते गिझरच्या बॉडीला, आणि अंघोळीला गेलेल्या माणसाच्या ओल्या हाताखाली २३० व्होल्ट उभे असतात.

घरात ईएलसीबी, म्हणजे करंट गळाला की वीज आपोआप तोडणारं यंत्र, असेल तर ही चूक ते लगेच पकडतं. आता त्याला आरसीसीबी म्हणतात, पण दुकानात अजून जुनंच नाव चालतं. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला नाही, ३० मिलिअँपिअरचा जरी फरक पडला, तरी ते क्षणात पडतं. तीसच का? साधारण एक मिलिअँपिअरला माणसाला मुंग्या जाणवतात, दहाच्या आसपास स्नायू आखडून पकडलेली वस्तू सुटेनाशी होते, आणि पन्नासच्या पुढं हृदयाची लय बिघडण्याचा धोका सुरू होतो. त्या मधल्या जागेत हे यंत्र पहारा देतं. पण न्यूट्रल आणि अर्थ कुठंतरी एकमेकींत मिसळल्या असतील तर ते सारखं पडत राहतं. मग पुन्हा वायरमनला फोन जातो. तो येतो, बघतो, आणि "ईएलसीबी खराब हाय" म्हणून ते काढून ठेवतो. खरं बोलणारा घरातला एकमेव साक्षीदार असा बडतर्फ होतो. असली काढलेली यंत्रं मी कपाटात, माळ्यावर, एकदा तर देवघरातल्या खणात बघितली आहेत.

आता हा वायरमन असा का वागतो? आळस म्हणून सोडून देणं सोपं आहे. मला वाटतं, आपल्या कोल्हापूरच्या विजेच्या संस्कारातच त्याचं मूळ आहे. इथला बहुतेक जण वीज शिकला तो मोटरीवर. नदीकाठच्या उसाच्या मोटरी, विहिरीतल्या पाणबुडी, उद्यमनगरातले लेथ, इचलकरंजीचे माग. सगळा थ्री फेजचा, म्हणजे तीन-तीन जिवंत वायरींचा संसार. थ्री फेजमध्ये लाल, पिवळा, निळा हे तीन रंग, आणि रंग चुकला तर काय होतं? मोटर उलटी फिरते. मग कुठल्याही दोन वायरी अदलाबदल करायच्या, झाली सुलटी. दर पावसाळ्यात पूर येण्याआधी मोटर वर ओढायची, पाणी उतरलं की पुन्हा जोडायची, उलटी फिरली तर दोन टोकं बदलायची. आमच्या शिवारातल्या पोराला हे मिसरूड फुटण्याआधी येतं. चूक झाली की ती स्वतःच ओरडून सांगते, आणि दोन मिनिटांत सुधारता येते. अशा शाळेत शिकलेल्या माणसाला रंग म्हणजे सजावट वाटली तर दोष त्याला एकट्याला देता येत नाही.

घरातल्या सिंगल फेजच्या वायरिंगमधली चूक अशी ओरडत नाही. ती गप्प बसते, दहा-दहा वर्षं. इथं "लाइट लागली न्हवं" ही परीक्षाच नव्हे. लाइट तर अर्थिंगशिवायही लागते. सॉकेटमध्ये न्यूट्रलचाच एक तुकडा अर्थच्या पिनेला लूप मारून दिला तरी लागते. ही नकली अर्थिंग तर इतकी मुरलेली आहे, की तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर विकत आणून लावला तरी तो "सगळं ठीक" सांगतो.

आता जगाकडे बघू. मी पॅनेलवाला असल्यानं मला एकाच आठवड्यात तीन-चार भाषा बोलाव्या लागायच्या. आपल्या घरात लाल म्हणजे फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ. मशिनच्या पॅनेलसाठीचं आयईसी ६०२०४ हे आंतरराष्ट्रीय मानक मात्र पॉवरच्या वायरी काळ्या ठेवायला सुचवतं, एसी कंट्रोलला लाल, डीसी कंट्रोलला निळा. म्हणजे घरातली निरुपद्रवी काळी वायर गोकुळ शिरगावच्या शेडमध्ये ४१५ व्होल्टची असते. निर्यातीच्या मशिनला अमेरिकेचे नियम लागले की पांढरी न्यूट्रल आणि काळी फेज. आणि घरी येऊन इस्त्रीचा पिन बदलायला घ्यावा तर कॉर्डमध्ये तपकिरी, निळी आणि हिरवी-पिवळी, कारण लवचिक कॉर्डसाठी भारतानंही जगाचेच रंग घेतले आहेत. भिंतीच्या आत एक भाषा, भिंतीच्या बाहेर दुसरी. इस्त्रीची निळी वायर न्यूट्रल, आणि बंगल्यातल्या थ्री फेज मीटरवरची निळी वायर चक्क फेज.

हा गोंधळ एकट्या भारताचा नाही. १९०६ साली लंडनमध्ये आयईसी ही संस्था स्थापन झाली, लॉर्ड केल्विन तिचे पहिले अध्यक्ष, ती मुळात देशोदेशीच्या विजेच्या मोजमापांना आणि शब्दांना एक वळण लावण्यासाठीच. तरी रंगांचं जुळायला साठ-सत्तर वर्षं गेली. जर्मनीत १९६० च्या दशकापर्यंत लाल वायर अर्थिंगची होती. त्याच वेळी इंग्लंडमध्ये लाल म्हणजे फेज. जर्मन बनावटीचं यंत्र एखाद्या इंग्रज कारागिरानं आपल्या सवयीनं जोडलं तर सगळी बॉडी जिवंत. असल्या भानगडी टाळायला युरोपनं लाल रंगच बाजूला ठेवला आणि फेजला तपकिरी, न्यूट्रलला निळा घेतला. अर्थिंगला मात्र एकच रंग न देता दोन रंगांचा पट्टा दिला: हिरवा आणि पिवळा. वायरीचा कुठलाही पंधरा मिलिमीटरचा तुकडा घ्या, त्यावर दोन्हींपैकी एक रंग किमान तीस टक्के आणि जास्तीत जास्त सत्तर टक्के दिसला पाहिजे, इथपर्यंत ते मानक बारकाईनं लिहिलेलं आहे. त्यामुळं वायर कुठंही कापली तरी तो तुकडा ओळखू येतो.

मग आपणही तपकिरी-निळे घेऊन मोकळं का होऊ नये? निर्यात सोपी होईल, पोरांना एकच तक्ता पाठ करावा लागेल. मी स्वतः काही वर्षं असंच म्हणायचो. माझं मत फिरवलं ते ब्रिटननं. त्यांचे जुने रंग तेच, जे त्यांनी आपल्याला दिले: लाल, पिवळा, निळा आणि काळी न्यूट्रल. ३१ मार्च २००४ पासून त्यांनी नवे रंग सुरू केले आणि १ एप्रिल २००६ पासून सक्तीचे केले. तीन फेजना तपकिरी, काळा, करडा, न्यूट्रलला निळा. नीट बघा काय झालं. कालपर्यंत न्यूट्रल असलेला काळा रंग आज फेज झाला, आणि कालपर्यंत फेज असलेला निळा रंग आज न्यूट्रल. दोन शब्दांनी आपापले अर्थ अदलाबदल करावेत तसं. जुनं आणि नवं वायरिंग एकाच घरात असेल तर मीटरपाशी धोक्याची सूचना चिकटवणं त्यांनी बंधनकारक केलं. त्यांच्याकडं काम करणाऱ्याची नोंद असते, तपासणीचे कागद असतात, आणि तरीही त्यांना ही काळजी घ्यावी लागली.

आपल्याकडं नदीकाठावर रांगेनं उभ्या असलेल्या मोटरींच्या पेट्या डोळ्यांपुढं आणा. त्यातल्या किती पेट्यांवर अशी सूचना चिकटेल, आणि पहिल्या पावसात किती टिकेल? लाल-पिवळा-निळा या क्रमावर शेतकरी, वायरमन, दुरुस्तीवाले अशा दोन-तीन पिढ्या घडल्या आहेत. निळी म्हणजे फेज हे ज्याच्या हातात बसलंय त्याला "आजपासून निळी न्यूट्रल" म्हणून सांगणं म्हणजे त्याला फसवणंच. म्हणून हे रंग आहेत तसे राहू देत.

पण एक शब्द मात्र आपण जगाकडून घ्यावा, आणि तोही अर्धामुर्धा नाही, कायद्यानं सक्तीचा: अर्थिंगची वायर फक्त हिरव्या-पिवळ्या पट्ट्याची. आजवर आपल्याकडं नुसती हिरवीही चालते, पट्ट्याचीही चालते. नुसती हिरवी बंद करा. याला माझी तीन कारणं आहेत, आणि तिन्ही मी इथंच, कोल्हापुरात शिकलो.

पहिलं, चिनी मशिनं. शिरोलीपासून कागलपर्यंत शेडशेडमध्ये ती आहेत. चीनच्या रंगतक्त्यात तीन फेज म्हणजे पिवळी, हिरवी आणि लाल. त्यांची नुसती हिरवी वायर म्हणजे दुसरी फेज. आमच्या वर्कशॉपमधला एक पोरगा असं पॅनेल उघडून हिरवी वायर अर्थच्या पट्टीला जोडायला निघाला होता. वेळेवर दिसलं. पण पट्ट्याची वायर चीनमध्येही अर्थच, युरोपात अर्थच, ऑस्ट्रेलियात अर्थच. अमेरिकेत नुसती हिरवी किंवा उघडी तांब्याची वायर वापरतात, पण पट्ट्याची तिथंही अर्थ म्हणूनच मान्य आहे. सगळ्या जगात एकाच अर्थानं चालणारा वायरींच्या भाषेतला हा एकमेव शब्द असावा.

दुसरं कारण डोळ्यांचं. लाल आणि हिरवा यांत गोंधळ होणं हा रंगांधळेपणाचा सगळ्यांत जास्त आढळणारा प्रकार, आणि तो बायकांपेक्षा पुरुषांत कितीतरी पट जास्त. आपल्याकडं वायरमन जवळजवळ सगळे पुरुष. आणि आपल्या तक्त्यात फेज लाल, अर्थ हिरवी! माणसाला मारणारी वायर आणि वाचवणारी वायर यांना आपण नेमके तेच दोन रंग दिले आहेत. अंधाऱ्या जिन्याखाली, बॅटरीच्या पिवळट उजेडात, धुळीनं माखलेल्या वायरी बघताना चांगल्या डोळ्यांचाही घोटाळा होतो. पट्टा मात्र रंग न दिसणाऱ्यालाही पट्टा म्हणून दिसतो.

तिसरं कारण त्या वायरमनचंच. "हिरवं बंडल शिल्लक हुतं." नुसती हिरवी वायर ही शेवटी एक साधी रंगीत वायर वाटते, संपली लाल की वापर हिरवी. पट्ट्याची वायर हातात घेतली की ती वेगळी आहे हे हाताला आपोआप कळतं. ती पंख्याला लावताना माणूस क्षणभर थांबतो. मशिनच्या धंद्यात तीस वर्षांत मी सगळ्या चुका बघितल्या, पण पट्ट्याची वायर फेजला वापरलेली क्वचितच दिसली.

वायर कोणत्या रंगाची यानंतरचा प्रश्न, वायर कसली? इथं मला गुजरीची, आमच्या सराफ बाजाराची, आठवण होते. आमच्याकडं साज करायचा म्हटलं तर आजीपासून नातीपर्यंत सगळ्या गुजरीत जाऊन भिंगातून हॉलमार्क बघतात. २०२१ च्या जूनपासून सोन्याला हॉलमार्क टप्प्याटप्प्यानं सक्तीचा झाला, २०२३ च्या एप्रिलपासून हॉलमार्कसोबत सहा अक्षरी-अंकी क्रमांकही सक्तीचा झाला. तो क्रमांक फोनवर टाकून खातरजमा करणाऱ्या माझ्या ओळखीत कितीतरी जणी आहेत. हॉलमार्क देणारी भारतीय मानक ब्युरो (बीआयएस) हीच संस्था वायरीवरचं आयएसआयचं चिन्हही देते. त्याच संस्थेच्या त्याच ॲपवर वायरीच्या बंडलावरचा परवाना क्रमांकही तपासता येतो. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक असतो, पीव्हीसी वायरीसाठी आयएस ६९४, आणि खाली सीएम/एल असा परवाना क्रमांक. पण भिंत बांधून झाल्यावर तिच्यात पन्नास वर्षं गाडल्या जाणाऱ्या वायरीचा क्रमांक कुणी तपासल्याचं मला आठवत नाही. चोख सोन्यासाठी भिंग, आणि जिवासाठी "दुकानदार ओळखीचा हाय".

त्यात आणखी एक खूळ. खोक्यावर सीई लिहिलेलं दिसलं की आपल्याला वाटतं युरोपनं माल पास केला. सीई म्हणजे कुणी दिलेलं प्रशस्तिपत्रक नव्हे. युरोपचे सुरक्षिततेचे नियम मी पाळले आहेत, असं उत्पादकानं स्वतः केलेलं जाहीर विधान आहे. घरगुती उपकरणांपैकी बऱ्याच वस्तूंना त्यासाठी बाहेरची तपासणीही लागत नाही. व्हॉट्सॲपवर फिरणारी "अक्षरं जवळ असतील तर चायना एक्सपोर्ट" ही गोष्ट मात्र थाप आहे, तसलं कुठलंही अधिकृत चिन्ह नाही. भारतात विकायच्या वायरीला सीईचा कायदेशीर उपयोग शून्य. इथं आयएसआय लागतं.

मानकांच्या सक्तीवर आमच्या धंद्यातली तक्रार मी लपवणार नाही, कारण ती मीच किती सभांतून केली आहे. परवान्याची फी, प्रयोगशाळेच्या चाचण्या, निरीक्षकाच्या फेऱ्या हे सगळं मोठ्या कंपनीला किरकोळ आणि दोन खोल्यांच्या कारखान्याला जड. आयईसीची मानकं विकत घ्यायची तर स्विस फ्रँकमध्ये पैसे मोजा. बीआयएसनं आपली मानकं मोफत उतरवून घेण्याची सोय केली हे चांगलं झालं, पण ती इंग्रजीत, आणि ज्याच्या हातात पक्कड आहे त्याच्यापर्यंत ती पोचत नाहीत. ही तक्रार खरी आहे. पण तिचा उपाय फी कमी करणं, जिल्ह्यात चाचणीची सोय करणं, मराठीत चित्रांचा तक्ता छापणं हा आहे. "आमच्या छोट्या कारखान्याची वायर थोडी बारीक असली तर चालवून घ्या" हा नव्हे. तांबं कमी असलेली वायर छोट्याची असो की मोठ्याची, तापतेच.

देशात विजेच्या धक्क्यानं दरवर्षी दहा हजारांहून जास्त माणसं जातात, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल गेली काही वर्षं सांगत आले आहेत. सगळी काही घरच्या सॉकेटनं नाही; तुटलेल्या तारा, शेतातल्या मोटरी, डीपीवरची कामं, लोखंडी मंडप, सगळं त्यात आलं. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात आमच्या पेठांत उभे राहणारे मंडप बघितले की मला दरवर्षी धडकी भरते. लोखंडी पाइप, पावसाचं पाणी, आणि दिव्यांच्या माळांना कुठल्यातरी जुन्या बंडलातली हिरवी वायर.

करायचं काय, तर फार नाही. एक, नुसत्या हिरव्या रंगाची वायर बनवणं आणि विकणं बंद, अर्थिंगला फक्त पट्ट्याची. साठ्यातला माल संपवायला मुदत द्या. दोन, नवीन कनेक्शनच्या टेस्ट रिपोर्टला प्रत्येक खोलीतल्या एका उघड्या सॉकेटचा आणि अर्थिंगच्या खड्ड्याचा फोटो जोडायची अट घाला. आज त्या रिपोर्टवर परवानाधारकाची सही लागते, पण सही करणाऱ्याचा पाय त्या घराला लागलेलाच असतो असं नाही. फोटोत पट्टा दिसला पाहिजे. फोटो आज प्रत्येकाच्या खिशात फुकट निघतो. तीन, आयटीआयला इलेक्ट्रिशियन आणि वायरमनच्या पोरांना मोटर उलटी-सुलटी करायला शिकवतो, तसंच मुद्दाम न्यूट्रल-अर्थ उलटं करून ठेवलेलं घर दाखवा. त्यांना मीटरनं शोधू द्या. ज्यानं एकदा ती गप्प चूक स्वतः शोधून काढली, तो आयुष्यात हिरवं बंडल पंख्याला लावणार नाही, असा माझा अनुभव आहे.

महापालिकेच्या नळाचीही एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती माझ्याच म्हणण्याविरुद्ध जाते. मावशींच्या घरातलं वायरिंग आम्ही पुन्हा केलं तेव्हा जुन्या अर्थिंगच्या वायरीचं दुसरं टोक शोधत गेलो. वायर जुन्या पद्धतीची, स्वच्छ हिरवी, रंग अगदी बरोबर. मोरीमागं जाऊन ती नळाच्या लोखंडी पाइपला पट्टीनं आवळली होती. तेव्हा तशीच रीत होती. पाइप थेट जमिनीत जायचा, तोच अर्थिंगचा खड्डा. मधल्या काळात कधीतरी नळ बदलला होता. भिंतीबाहेर हातभर अंतरावर लोखंड संपून पांढरा प्लॅस्टिकचा पाइप सुरू झालेला. इतकी वर्षं त्या घरातला प्रत्येक थ्री-पिन सॉकेट त्या हातभर लोखंडावर विसंबून होता.

त्या वायरमनला मी ते दाखवलं. तो बराच वेळ खाली वाकून बघत राहिला. मग म्हणाला, "काका, खड्डा मारायला उद्या येतो. मीठ-कोळसा तुम्ही आणून ठेवा." आणि खरंच आला.